निळ्या गुहेचं तोंड

इटलीतल्या सोरेंतोच्या धक्क्यावरून दोर सोडता सोडताच कातेल्लोकाकांनी नाक वर करून हवा हुंगली.

"पोरी, आज वायव्येचा वारा उठणार. निळी गुहा विसर. बेटाला फेरी मारू, लोकांना पोहायला सोडू, जेवायला घालू आणि वेळेत परत येऊ."

"उठणार म्हणजे दुपारनंतर ना काका? मग सकाळीच उरकते," एर्सीलिया म्हणाली.

"वारा काय तुझ्या घरचा गडी आहे, सांगितल्या वेळेला यायला?"

एर्सीलियाने हसण्यावारी नेलं. कातेल्लोकाका तिच्या आईचे चुलतभाऊ. त्यांच्या बोटीतून मूठभर पाहुणे काप्री बेटावर न्यायचे, बेट दाखवायचं आणि संध्याकाळी परत आणायचं, हे काम ती बरीच वर्षं करत होती. पण त्या वसंतात समुद्र सारखा खवळलेला. गुहा बंद, पाहुणे हिरमुसले, आणि घरी गेल्यावर इंटरनेटवर गाईडच्या नावानं शिमगा. सहली भरणाऱ्या मालकाने परवाच तिला ऐकवलं होतं, "दुसऱ्या पोरींना बरी गुहा उघडी सापडते." ते तिच्या मनाला लागलं होतं.

आज बोटीत एक डच जोडपं होतं, दोन पोर्तुगीज बहिणी होत्या आणि उत्तरेतल्या ब्रेशियाकडचे नवराबायको, इवो आणि दिर्चे. इवो गवंडीकामाचा ठेकेदार. बैलासारखी मान, फावड्यासारखे हात आणि तोंड एक क्षण बंद नाही. धक्का सुटल्यापासून त्याने सगळ्यांना हसवून हसवून बेजार केलं होतं. कातेल्लोकाकांना तो "सरखेल" म्हणून सलाम ठोकत होता. दिर्चे चणीने एवढीशी. हातातली टोपी सांभाळत ती समुद्राकडे कमी आणि नवऱ्याकडेच जास्त बघत होती.

गुहेपाशी पोचले तेव्हा वल्ह्यांच्या छोट्या होड्या कड्याखाली डुलत होत्या. मोठी बोट आत जाऊच शकत नाही. माणसाने होडीच्या तळाशी पाठ टेकून आडवं व्हायचं आणि होडीवाल्याने खडकात ठोकलेली साखळी ओढून, दोन लाटांच्या मधे होडी त्या बुटक्या तोंडातून आत सारायची. डच जोडपं गेलं, खुशीत बाहेर आलं. पोर्तुगीज बहिणी गेल्या, त्यांच्या तर डोळ्यांत पाणी. तेवढ्यात पाण्याने गुहेच्या ओठावर चापट्या मारायला सुरुवात केली. दोघातिघा होडीवाल्यांनी वल्ही आत घेतली.

राहिले इवो आणि दिर्चे.

"मी इथंच बसतो," इवो म्हणाला. "सरखेलांच्या बोटीची राखण करतो. ही नेपल्सकडची माणसं, यांचा काय भरवसा!"

सगळे हसले. एर्सीलियाला वाटलं, बिचारा पोटाला लाजतोय. "अहो, तुमच्या दुप्पट अंगाची माणसं आत जाऊन आलीत. चला!"

"नको बाई, त्यांना राहू दे," दिर्चे हळूच म्हणाली. "मी एकटी जाऊन येते."

एर्सीलियाने ते ऐकलं, पण मनावर घेतलं नाही. बायको एकटीच होडीत पाय टाकते म्हटल्यावर इवो उठला. "थांब गं. मी आलो. पण गाईडबाई, तुम्हीपण चला. बुडालो तर तक्रार कुणाकडे करायची?"

होडी कोस्तान्झोची होती. कोस्तान्झो म्हणजे एर्सीलियाचा एके काळचा नवरा. लग्न मोडून ती सोरेंतोला माहेरी परतली होती, तो बेटावरच वडिलांची होडी चालवत राहिला. हंगामात रोज समोरासमोर यायचे, पण बोलणं एवढंच, "किती जण?" "चौघं."

आज तो गुहेच्या तोंडाकडे बघत मान हलवत होता. "बस झालं. मी बंद करतोय."

"दोघंच राहिलेत."

"पाण्याकडे बघ की जरा."

आणि मग एर्सीलिया ते बोलून गेली. बाकीचे होडीवाले ऐकत होते, हे तिला माहीत होतं. "तुझे वडील असते तर एव्हाना आत जाऊन, गाणं म्हणून, बाहेर आले असते."

होडीवाल्यांमध्ये खसखस पिकली. कोणीतरी शिट्टी मारली. कोस्तान्झोचे कान लाल झाले. त्याने होडी बोटीला लावली. "चढा," एवढंच म्हणाला.

तिघं तळाशी आडवे झाले. कोस्तान्झोने लाट जाऊ दिली, साखळी धरली, पाठीवर रेलला आणि एका हिसड्यात होडी आत. खडक नाकावरून सरकून गेला आणि एकदम सगळं निळं झालं. पाणी खालून पेटल्यासारखं. दिर्चेने हात बुडवला तर मनगटापासून बोटं चांदीची झाली. "अगं बाई!" ती एवढंच म्हणाली. "इवो, बघ तरी."

इवो बघत नव्हता. तो तसाच पाठीवर पडला होता, डोळे घट्ट मिटून, दोन्ही मुठींत स्वतःची विजार आवळून. सकाळपासून चाललेलं त्याचं तोंड बंद होतं. एर्सीलियाला पहिल्यांदाच कसंतरी वाटलं.

तेवढ्यात कानांत दडे बसले. लाट आली आणि गुहेचं तोंड पार भरून गेलं. सगळा निळा उजेड, दिव्यावर कोणी हात धरावा तसा मिणमिणला. पाणी ओसरलं, उजेड परत आला, आणि पुन्हा लाट. बाहेरून ओरडणं ऐकू येत होतं, पण तुकड्या-तुकड्यांत. "कोस्ता… थांब… मोठी…"

कोस्तान्झोने वल्ही मारायचं थांबवलं.

"काय झालं?" एर्सीलियाने विचारलं.

"वारा आला. त्यात कुठल्याशा मोठ्या जहाजाच्या लाटा." त्याचा आवाज शांत होता. तो आवाज तिच्या ओळखीचा होता. घाबरला की तो असाच शांत व्हायचा. "सगळे आडवे. हलू नका. मी म्हणेन तेव्हा श्वास सोडून अंग चोरा."

त्याने होडी तोंडापाशी नेली. मोठ्या लाटा गेल्या. पाणी खाली बसलं, बाहेरच्या उन्हाची पांढरी फट दिसली. कोस्तान्झोने साखळी पकडली आणि रेलला. होडी निम्मी फटीत शिरली असेल नसेल, तोच अवेळी एक लाट आली. तिने होडी उचलून वर दाबली. खडकाखाली काहीतरी करकचलं आणि कोस्तान्झो ओरडला. असा ओरडलेला एर्सीलियाने त्याला कधी ऐकला नव्हता. लाटेने होडी परत आत भिरकावली.

तो उजवा हात छातीशी धरून बसला होता. दोन बोटं साखळी आणि खडकाच्या मधे सापडली होती. निळ्या उजेडात रक्त काळं दिसत होतं, शाईसारखं. एर्सीलियाने गळ्यातला रुमाल काढून त्याच्या हाताला करकचून बांधला.

आणि इवो उठून उभा राहिला.

"मला बाहेर काढा! काढा मला बाहेर!" होडी एका अंगाला कलली, पाणी काठावरून आत आलं. "मी पोहत जातो!"

"खाली बसा! उलटेल!" एर्सीलियाने त्याचा पट्टा धरला. तो तिला जुमानतोय कसला! दिर्चेने मात्र त्याच्या गुडघ्यांना मिठी मारली आणि सगळा भार टाकून त्याला खाली ओढलं. तो मटकन बसला. श्वास असा चालला होता की जणू कोणी छातीवर उभं आहे.

"चरात गाडले गेले होते ते," दिर्चे एर्सीलियाकडे न बघताच म्हणाली. "इमारतीच्या पायाचं खोदकाम चालू होतं, माती आली अंगावर. शेजारचा माणूस गेला. हे अख्खी दुपार मातीखाली होते. त्यानंतर लिफ्टमध्येसुद्धा चढत नाहीत. म्हणून मी म्हणत होते बाई, राहू दे."

एर्सीलियाने त्याचा पट्टा सोडला.

"मागे खडकात एक कट्टा आहे," कोस्तान्झो दात आवळून म्हणाला. "तिथं बसता येईल. पण हा वारा एकदा धरला की दोन-दोन दिवस सोडत नाही. आत्ता अजून मधे मधे फट मिळतेय. तासाभरात तीही मिळायची नाही."

रुमालातून रक्त ठिबकत होतं. दोन दिवस कोस्तान्झो कट्ट्यावर काढू शकत नाही, हे सांगायची गरज नव्हती.

"साखळी मी ओढते," एर्सीलिया म्हणाली.

"तुझ्या एकटीच्यानं व्हायचं नाही. भरलेली होडी आहे."

इवोकडे बघायचं धाडस एर्सीलियाला होईना. दिर्चे मात्र त्याच्याकडेच बघत होती.

"इवो, ऐकतोयस?"

"खडक तोंडावर येतो गं. तोंडावर येतो."

"येतोच. मी कुठे म्हणते घाबरू नकोस? घाबर. पण घाबरत घाबरत ओढ."

"नाही जमणार."

"डोळे मीट. मी पायाशी आहे तुझ्या. पाय धरून ठेवते, मग तर झालं? त्या दिवशी तुझ्या पायाशी कोणी नव्हतं. आज मी आहे."

तो रडत होता. मोठ्या माणसाचं रडणं, आवाज न करता, खांदे हलवत. मग तो रडत रडतच सरकला आणि पुढच्या बाजूला पाठीवर आडवा झाला. एर्सीलिया त्याला खेटून पडली. दिर्चेने त्याचे दोन्ही घोटे कवेत घेतले. मागे कोस्तान्झो डाव्या हाताने वल्हं धरून बसला, नजर गुहेच्या तोंडावर.

"थांबा," तो म्हणाला. उजेड मिणमिणला. "थांबा… अजून नाही." पाणी गुरगुरत मागे गेलं. एर्सीलियाच्या हातात साखळी आली, थंड आणि बुळबुळीत. शेजारी इवोचे हात साखळी चाचपडत होते. तिने ते धरून कडीवर ठेवले.

"थांबा… ही जाऊ दे…"

"लवकर!" इवो किंचाळला. "लवकर रे बाबा!"

"आता! ओढा!" म्हणत तोही मागे आडवा झाला.

दोघांनी ओढलं. होडी पुढे धावली, फटीत शिरली आणि अडकली. एका बाजूची कड खडकात रुतली होती. वरून थंड पाणी एर्सीलियाच्या तोंडावर आलं. तिला वाटलं, संपलं. इतक्यात कानाशी एक डरकाळी ऐकू आली. इवो ओढत होता. त्याचं कपाळ खडकावर घासत होतं, रक्त डोळ्यांत उतरत होतं, आणि तो ओढत होता. लाकूड कडाडलं, कड फुटली आणि होडी सुटून बाहेरच्या पांढऱ्या उन्हात पडली. पाठोपाठ लाट आली आणि गुहेचं तोंड भरून गेलं.

कातेल्लोकाकांनी आकड्याने होडी ओढून घेतली. ते शिव्या देत होते, मादोन्ना मातेचं नाव घेत होते आणि पुन्हा शिव्या देत होते.

बेटाच्या बंदरावर रुग्णवाहिका उभी होती. कोस्तान्झोला आत चढवत असताना इवो एर्सीलियासमोर येऊन उभा राहिला. कपाळावर पट्टी, चेहरा राखेसारखा.

"समुद्र बिघडणार, हे तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"मग?"

एर्सीलियाने रुग्णवाहिकेकडे पाहिलं.

"मी हसत होतो ना," तो म्हणाला, "म्हणून तुम्हाला वाटलं, हा मजेत आहे." आणि पाठ फिरवून निघून गेला.

बंदराचा अधिकारी दवाखान्यापर्यंत आला. आत जायचं कोणी ठरवलं, त्याचा पहिला प्रश्न.

"मी," खाटेवरून कोस्तान्झो म्हणाला. "होडी माझी. समुद्र मला ठीक वाटला."

अधिकाऱ्याने मान डोलावली. एर्सीलिया गप्प राहिली असती तर सगळं तिथेच मिटलं असतं. तिच्या मनात ते येऊनही गेलं.

"नाही," ती म्हणाली. "तो बंद करत होता. काकांनी सकाळीच मला बजावलं होतं. मी चारचौघांत टोमणा मारला म्हणून तो गेला. आणि तो माणूस यायला तयार नसताना मीच त्याला ओढून नेलं."

अधिकाऱ्याने ते सगळं लिहून घेतलं. त्या हंगामाचं तिचं काम तिथेच गेलं. मालकाने संध्याकाळच्या आत दुसरी गाईड ठरवलीही.

अधिकारी गेल्यावर कोस्तान्झो छताकडे बघत म्हणाला, "इतक्या वर्षांत एकदा तुझ्यासाठी खोटं बोललो. तेवढंही तुला पचलं नाही."

"टोमणा मी मारला होता."

"टोमण्यावर होडी चालत नाही, एर्सीलिया. वल्ही मीच मारली." मग जरा थांबून म्हणाला, "आणि माझा बाप कसलं गाणं म्हणायचा? आत गेला की 'देवा देवा' करायचा. मी सोडून कुणाला माहीत नाही."

तिला हसू आलं आणि रडूही. दोन बोटं काढावी लागणार, असं डॉक्टर सांगून गेले होते. तिने त्याला पाणी पाजलं. सह्या करायला जवळचं कोणी आहे का, असं नर्सने विचारलं तेव्हा तो म्हणाला, "भावाला बोलवा. ही जवळची नाही. पण बसू दे तिला."

भाऊ आल्यावर ती बाहेर आली. कातेल्लोकाका बाकीच्यांना घेऊन बेटाच्या आडोशाने केव्हाच सोरेंतोला निघून गेले होते. दवाखान्यासमोरच्या बाकावर, उघड्या आभाळाखाली, इवो आणि दिर्चे बसले होते. छोट्या बोटीत पाऊल टाकायला इवोने साफ नकार दिला होता, ते मोठ्या जहाजाने जाणार होते. एर्सीलिया समोर उभी राहिली. माफी मागायचे शब्द तिने आत असताना जुळवले होते.

इवोने बाकावरची पिशवी उचलून मांडीवर घेतली. ती बसली.

"त्याच्या बोटांचं काय?" त्याने विचारलं.

"दोन जातील."

इवोने आपले तळवे उघडून पाहिले. साखळीने कातडी सोलली होती. जहाजाची वेळ झाली तसे तिघंही खाली बंदराकडे चालू लागले.

जहाजाच्या फळीपाशी इवो थांबला. आतलं दार बुटकं होतं, त्यामागे अंधार. मागून लोक ढकलत होते, कोणी कुरकुरलं. दिर्चेने त्याचा हात ओढला नाही. ती त्याच्या शेजारी नुसती उभी राहिली. एर्सीलियाने मागे वळून दोन्ही हात पसरले आणि सगळी रांग अडवून धरली.

"थांबा," ती लोकांना म्हणाली. "त्यांना वेळ लागेल. थांबा."