ओळंबा थांबेपर्यंत

मित्रांनो, मला पाहिले की मुले विचारतात, "हा कसला भोवरा?" एका आजींनी तर मला कागद उडू नयेत म्हणून वर्तमानपत्रावर ठेवले होते. मी भोवरा नाही आणि कागदावरचे वजनही नाही. मी ओळंबा आहे, पितळेचा, तीस वर्षांचा. भिंत सरळ उभी आहे की झुकली आहे, हे गवंड्याला सांगणे हे माझे काम. मला वरून दोरीने खाली सोडायचे. दोरी आणि भिंत यांच्यातले अंतर वर जेवढे, तेवढेच खाली भरले की भिंत सरळ. काम सोपे आहे, पण त्यात एक मेख आहे. मी पूर्ण थांबल्याशिवाय मी सांगितलेले काहीच खरे नसते, आणि थांबणे माझ्या स्वभावातच नाही.

एका ओताऱ्याने मोडके नळ, गंजकी कुलपे आणि कुठल्याशा दाराची कडी वितळवून मला ओतले. नळाला वाहायचे असते, कुलपाला बंद राहायचे असते आणि कडीला वाजायचे असते. ती सगळी मंडळी अजून माझ्या पोटात भांडत असावीत. कुणी जिना चढले तरी मी हलतो. कुणी शिंकले तरी हलतो.

मला विकत घेणारा गवंडी तेव्हा नुकताच मजुराचा मिस्त्री झाला होता. त्याला सगळे देवमिस्त्री म्हणत. कुणी त्याच्या कामाची तारीफ केली की तो विटेवर थाप मारून म्हणायचा, "मी कुठे? दोरी देवाने धरली होती." तो दोरी हातात धरून उभा राही, मी दोन-चार झोके घेई आणि मुकाट्याने गप्प होई, कारण त्याचा हात तसाच होता. दुसरे मिस्त्री आमच्या भिंतीवर डोळे मिटून विश्वास ठेवत. त्या दिवसांत मीही चांगलाच शेफारलो होतो. मला वाटायचे, थांबतो तो मीच.

मग एका वर्षी माझे झोके थांबेनात. मिस्त्रीने माझ्याकडे रागाने पाहिले आणि तो म्हणाला, "वारा आहे." वारा नव्हता. दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, दोरी नवी आहे, अजून पीळ सुटला नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाला, चहा जास्त झाला. आठवडाभरात सगळी कारणे संपली आणि त्याचा उजवा हात तेवढा थरथरत उरला.

त्याची बायको त्याला डॉक्टरांकडे घेऊन गेली. मी पिशवीत होतो, मला सगळे ऐकू येत होते. डॉक्टरांनी त्याला कागदावर रेघा ओढायला लावल्या, चालायला लावले, बोटे मिटून उघडायला लावली.

"काय झालंय?" मिस्त्रीने विचारले.

"आत्ताच नाव द्यायला नको. तीन महिन्यांनी या, तेव्हा नीट कळेल."

"वाढेल का?"

"वाढेलही, नाहीही वाढणार. आज सांगता येत नाही."

मित्रांनो, वाईट बातमी माणूस एकदाची पचवतो. पण 'आज सांगता येत नाही' हे घेऊन घरी यायचे आणि जेवायला बसायचे, हे फार कठीण असते. मिस्त्रीचा जीव कशात लागेना. तो पहाटेच कामावर जाऊन बसे. काम करता करता पूर्वी तो देवाशी गप्पा मारायचा, आता मागणे मागू लागला. "देवा, एवढा हात थांबव. बाकी काही नको." दिवसातून दहा वेळा तेच. काही दिवसांनी तेही बंद झाले. मला त्याचा ओरडा चालला असता, ती शांतता मात्र चालत नव्हती.

तेव्हा आम्ही एका शाळेच्या जिन्याची भिंत बांधत होतो. हात हलतो हे कुणाला दिसू नये म्हणून मिस्त्री घाई करू लागला. मला खाली सोडले की एक झोका, दुसरा झोका, आणि "हां, बरोबर आहे" म्हणून लगेच वर ओढायचा. मी झोके घेत असतानाच तो मला विचारत होता. मी काय खरे सांगणार? असे विटांचे अकरा थर चढले. बाराव्या थराला ठेकेदाराने स्वतः माप घेतले. भिंत दीड बोट बाहेर गेली होती.

भिंत पाडावी लागली. एक जण हळूच म्हणाला, "देवमिस्त्री, देवाचा हात सुटला वाटतं." दोघे-तिघे हसले. मिस्त्री विटा गोळा करत राहिला.

ठेकेदार वाईट माणूस नव्हता. त्याने मिस्त्रीला बाजूला घेतले. "हे बघ, माझा तुझ्यावर राग नाही. पण या जिन्यावरून पोरं चढणार आहेत. दोन दिवस देतो. मागचा कोपरा उभा करून दाखव. नाही जमलं तर मला दुसरा मिस्त्री बघावा लागेल."

त्या संध्याकाळी मिस्त्रीने मला पिशवीत ठेवले नाही, फेकले. "खोटारडा," तो म्हणाला. मला फार लागले. तीस वर्षांत मी एकदाही खोटे बोललो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी त्याची बायको त्याच्याबरोबर आली. लग्नानंतरची काही वर्षे तिने बांधकामावर पाणी मारण्याचे काम केले होते, त्यामुळे तिला तिथे काही नवे नव्हते. ती बादली भरून भिंती भिजवू लागली. मिस्त्रीने कोपऱ्याचे पहिले थर लावले आणि मला सोडले. मी हललो. त्याने श्वास रोखला, मी हललो. त्याने डाव्या हाताने उजवे मनगट घट्ट धरले, तर दोन्ही हात हलू लागले. मी जिवाच्या आकांताने थांबायचा प्रयत्न करत होतो आणि जितका प्रयत्न करावा तितका जास्त झुलत होतो. शेवटी तो विटांच्या ढिगावर बसला.

"दीड महिना झाला देवाच्या दारात उभा आहे," तो म्हणाला. "हो म्हण, नाही म्हण, काहीतरी म्हण. तो ऐकत तरी आहे का?"

तिने बादली खाली ठेवली. "तो काय म्हणतो ते मला नाही कळत. पण दोरी तुम्हीच हातात धरा असं त्याने कधी सांगितल्याचं मला तरी आठवत नाही."

ती वर चढली. तिने भिंतीवर एक फळी आडवी टाकली, ती हलू नये म्हणून तिच्यावर चार विटा ठेवल्या आणि फळीच्या टोकाला माझी दोरी बांधली. मग खाली येऊन तिने मला मिस्त्रीच्या हातात दिले आणि पाण्याची बादली बरोबर माझ्याखाली सरकवली.

मिस्त्रीला ही युक्ती ठाऊक होती. वारा सुटला की नवशिके गवंडी ओळंबा पाण्यात सोडतात, आणि तो त्यांना हसत आला होता.

"हे कच्च्या लोकांचं काम आहे," तो म्हणाला.

"मग आपण कच्चे. सोडा खाली."

मित्रांनो, मी पाण्यात बुडालो. खरे सांगतो, मला वाटले ही शिक्षाच आहे. गार, गढूळ, काही दिसेना. मी सवयीने उजवीकडे झेपावलो, पाण्याने मला हळूच अडवले. डावीकडे गेलो, तिथेही पाणी होतेच. आणि मी थांबलो. मी काहीच केले नव्हते, तरी थांबलो. वर दोरी ओढलेल्या रेघेसारखी सरळ उभी होती.

तिने वाकून दोरीपासून भिंतीपर्यंत पट्टी लावली. "वर चार बोटं ना? खाली एक सूत, इवलंसंच, कमी आहे."

त्याने सिमेंट थापायच्या करणीच्या मुठीने वीट ठोकली. हात थरथरत होता, पण वीट बसली. पुन्हा दोरी थांबेपर्यंत दोघेही थांबले. प्रत्येक थराला असेच. त्या थांबण्यात दुपारी केव्हातरी मिस्त्रीचे ओठ पुन्हा हलू लागले. मी पाण्यात होतो, मला शब्द कळले नाहीत. मागणे मात्र वाटले नाही.

"एवढा हात मागितला," तो संध्याकाळी म्हणाला, "तो काही दिला नाही त्याने."

"बादली दिली ना," ती म्हणाली. "आता तिला नावं ठेवू नका."

तो हसला. किती तरी दिवसांनी हसला.

ठेकेदार आला, त्याने आपला ओळंबा लावला आणि बराच वेळ पाहत राहिला. "ह्यात काही खोट निघत नाही," तो म्हणाला. "पुढचा कोपराही तूच घे. आणि वहिनींनी रोज यायचं."

मिस्त्रीचा हात बरा झालेला नाही. डॉक्टरांची तारीख पुढच्या आठवड्यात आहे आणि ते काय सांगतील हे कुणालाच माहीत नाही. म्हणून मित्रांनो, एक विनंती करतो. घरात कुणाचा हात थरथरत असेल, कुणाचा जीव थाऱ्यावर नसेल, तर त्याला 'शांत हो' म्हणून ओरडू नका. ओरडून मी कधी थांबलो नाही. त्याच्या खाली बादली सरकवा आणि जवळ थांबा.

आणि तुमच्यावरच तशी वेळ आली, तर मला तुम्हाला मोठे काही सांगता येणार नाही. मी आजही पाण्यात जाताना घाबरतो, दर वेळी. आत गेलो की मला फळी दिसत नाही, मिस्त्री दिसत नाही, आभाळही दिसत नाही. दोरी ताणलेली आहे, एवढेच कळते. तेवढ्यावर मी थांबतो.