शेजारची जीभ

रमजानात हुस्नबानोच्या घरी काय शिजलं आणि कसं झालं, हे हुस्नबानोच्या आधी समोरच्या सविताला कळायचं. एकवीस वर्षांचा शिरस्ता होता तो. वडाळा रोडवरच्या त्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर दोघींची दारं समोरासमोर. रोजा असताना जिभेच्या टोकाला लावून थुंकून टाकलं तर चालतं, असं पुष्कळ जण म्हणतात, पण हुस्नबानोला ते कधी पटलं नाही. "चमचाभर डाळीसाठी मी अल्लाला फसवू का?" असं म्हणायची आणि पाच वाजले की दारात येऊन हाक मारायची, "सविता, ये गं, चव बघ." सविता पदराला हात पुसत जायची, चमचा तोंडात घालायची, डोळे मिटायची आणि निकाल द्यायची. तिच्या निकालावर अपील नव्हतं.

यंदा मात्र सविता लबाडी करत होती. खोटं कशाला बोला, चक्क लबाडी.

त्याचं असं झालं होतं. दिवाळीनंतर तिला ताप आला, सर्दीनं डोकं जड झालं, आणि ताप गेला तो नाकाचा वास आणि तोंडाची चव सोबत घेऊनच गेला. हिंग नाकाला लावला तरी कळेना. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू, पण कधी ते सांगता येत नाही. काहींची येतही नाही. नवरा धनराज एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात पाळ्या करणारा माणूस. त्याला सांगितलं तर म्हणाला, "बरंय की, आता रोज कारलं कर." वर पुढ्यात येईल ते मुकाट्यानं जेवत राहिला, खारट असो की अळणी. एवढा शहाणपणा त्यानं केला, हे कबूल केलं पाहिजे.

पण हुस्नबानोला सांगायला सविताची जीभ रेटेना. आज सांगू, उद्या सांगू करता करता रमजान लागला. पहिल्या दिवशी पाच वाजता हाक आली आणि हिचे पाय आपसूक निघाले. मुलगा पुण्याला, नवऱ्याच्या पाळ्या, घरात दिवसभर फ्रीजचा आवाज. "तू ये, तुझ्यावाचून अडलंय" असं म्हणणारी सबंध दिवसात ती एकच हाक होती. ती बंद झाली तर आपण त्या घरात काय म्हणून जायचं?

मग बाईनं अक्कल चालवली. चमचा तोंडात घालण्याआधी सहज विचारल्यासारखं विचारायचं, "मीठ किती घातलंस गं? चिंच घातलीस का?" एकवीस वर्षं तेच पातेलं, तीच डाळ, तीच भजी. मापं पाठ होती. ऐकून हिशेब करायचा, डोळे मिटायचे आणि सांगायचं. बारा दिवस निभावले. झाकली मूठ सव्वा लाखाची.

तेराव्या रोज्याला स्ट्रॉबेरी आली.

हुस्नबानोची मुलगी झेबा. तिचं मनमाडच्या हुजैफाशी ठरत आलं होतं. मुलगा रेल्वेत, घर चांगलं. त्याची आई त्या दिवशी पहिल्यांदा इफ्तारीला येणार होती. या बाईंना दूध सोसत नाही, हे आधीच कळलं होतं, म्हणजे खीर गेली, आइस्क्रीम गेलं. तेव्हा झेबानं मोबाइलवर शोधून काढलं, स्ट्रॉबेरीचं सॉर्बे. दूध नाही, मलई नाही. फळ, साखरेचा पाक, लिंबू, आणि ते गोठवायचं.

"सरबतच गोठवायचं ना? मग सरबत म्हण की," हुस्नबानो म्हणाली.

"अम्मी, तू त्यांच्यासमोर सरबत म्हणू नकोस हं!"

पेठ रोडवर सुरगाण्याच्या बायका पुठ्ठ्याच्या खोक्यांतून विकतात, तिथली दोन किलो स्ट्रॉबेरी आणली होती. सकाळीच झेबानं पाक करून निवत ठेवला. मग फळं धुतली, देठ काढले, मिक्सरमधून फिरवली आणि बारीक बिया राहू नयेत म्हणून मलमलीतून गाळली. ओटा लालेलाल. दुपारची नमाज झाल्यावर सविताला हाक गेली.

सविता आली ती मनातून घाबरूनच. सॉर्बे म्हणजे काय, ते किती गोड हवं, तिला काय ठाऊक? तरी तिनं विचारलं, "साखर किती घातलीस गं झेबा?"

"पाव किलोचा पाक केलाय काकू. पुरे ना?"

दोन किलोला पाव किलो. सवितानं मनात हिशेब केला, फळं पिकलेली दिसताहेत, पुरावी. चमचा तोंडात घातला. काहीतरी गार, पातळ, गिळल्यावर घशात किंचित चुरचुरलं, बाकी काही नाही. तिनं डोळे मिटले. आणि उघडून म्हणाली, "सुरेख झालंय. गोड अगदी बेताचं. ठेव फ्रीजरमध्ये."

झेबानं तिला मिठीच मारली.

घरी येऊन सविता आडवी झाली, पण डोळ्याला डोळा लागेना. त्या पोरीची मिठी तिला बोचत होती.

पावणेचारला पुन्हा हाक आली. अवेळी हाक म्हणजे काहीतरी बिनसलंय. सविता गेली तर झेबा रडवेली. स्टीलचं पसरट भांडं ओट्यावर आणि त्यात लाल फरशी. दर तासाला काट्यानं ढवळायचं असतं म्हणे, म्हणजे भुसभुशीत राहतं. इथे काटाच वाकला होता.

"काकू, साखर कमी पडली की असा दगड होतो. त्या व्हिडिओत सांगितलंय."

"काही कमी पडलेली नाही," हुस्नबानो कडाडली. "सवितानं चाखलंय ना? मग झालं. आपला फ्रीजरच जास्त गार झाला असेल."

"पण अम्मी..."

"पण नाही आणि बिण नाही! एकवीस वर्षांत हिची जीभ एकदा चुकलेली नाही. ती व्हिडिओवाली तुला जास्त ओळखते का? सविता, सांग गं हिला. तुझं तरी ऐकेल."

झेबानं डोळे पुसले. "काकूंनी सांगितलंय म्हणजे बरोबरच असेल म्हणा," असं म्हणून ती सविताकडे बघत राहिली. दोघीही बघत राहिल्या.

हो म्हटलं असतं तर खपून गेलं असतं. फ्रीजरला थोडंच तोंड आहे? पण मग ती मनमाडची बाई तो दगड तोंडात घालणार, आणि तोंड वाकडं होईल ते या पोरीसमोर.

"बानो, मला चव येत नाही," ती म्हणाली. "दिवाळीपासून. दुपारी मी खोटं सांगितलं. मला काहीच कळलं नव्हतं."

मग झेबा हळूच म्हणाली, "अम्मी, पाक तूच ओतलास ना? मी नमाजला गेले तेव्हा?"

"मी? मी कशाला ओतू? मला वाटलं, तू ओतून गेलीस!"

झेबा धावत बाल्कनीत गेली. तिथे गार वाऱ्याला निवत ठेवलेलं पातेलं, वर ताटली, आत पाक जसाच्या तसा. थेंब कमी झाला नव्हता. मायलेकींनी चाखायचं नाही आणि चाखणारी ही अशी! पाव किलो साखर बाल्कनीत आणि आंबट स्ट्रॉबेरी फ्रीजरमध्ये.

हुस्नबानो सविताकडे बघेना. "बत्ता आण," ती झेबाला म्हणाली. दोघींनी ती लाल फरशी फोडली, तुकडे पाकासकट मिक्सरमधून फिरवले, भांडं परत फ्रीजरमध्ये सरकवलं. सविता मध्ये उभी, हात रिकामे. बानोनं शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. सविता गुपचूप आपल्या घरी आली आणि दार लोटून बसली.

संध्याकाळी अजान झाली. समोर माणसं आली, चपला काढल्याचे आवाज झाले, हसणं ऐकू आलं. सवितालाही बोलावणं होतं, पण कुठल्या तोंडानं जायचं? ती गेली नाही. कोणी बोलवायलाही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी साडेचारलाच ती मेथी निवडायला बसली. मेथीची घाई नव्हती. पाच वाजले. पाच होऊन दहा मिनिटं झाली. समोर फोडणीचा आवाज झाला, कढई सरकली. हाक नाही. संपलं, सविता मनाशी म्हणाली, आणि एकेक काडी तीनदा तीनदा निवडत राहिली. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते तिनं येऊ दिलं.

सव्वापाचला दार ढकलून हुस्नबानोच आत आली. हाक नाही की काही नाही. येऊन समोर बसली ती रागानं लालबुंद.

"साडेतीन महिने! साडेतीन महिने तोंडात माती घेऊन फिरलीस आणि मला सांगितलं नाहीस? मग सांगणार कोणाला होतीस? त्या फ्रीजला?"

"मला वाटलं," सविता म्हणाली, "कळलं तर तू हाक मारणार नाहीस."

"का नाही मारणार?"

"मग कशाला मारशील? चाखता येत नाही मला."

हुस्नबानोनं कपाळावर हात मारून घेतला. "अगं येडे, अब्बासला शुगर होऊन किती वर्षं झाली?"

बानोच्या नवऱ्याला, अब्बासभाईंना, अकरा वर्षांपासून शुगर. डॉक्टरांनी मना केलंय, ते रोजे धरत नाहीत, हे सगळ्या बिल्डिंगला माहीत. दुपारी बाहेरच्या खोलीत बसून जेवतात. रोज चव बघायला जाताना सविता त्यांच्या समोरूनच तर आत जायची.

"पहिली दहा वर्षं मला जीभ पाहिजे होती," हुस्नबानो म्हणाली. "पुढची अकरा वर्षं घरात बसलेला माणूस नव्हता का चाखायला? आज त्यानंच चाखलं. म्हणाला, ठीक आहे. ठीक आहे म्हणजे काय, मला सांग! तसल्या माणसाला काय विचारायचं?"

सविताला हसू आलं आणि रडूही आलं, दोन्ही एकदमच. हुस्नबानोनं आपल्या ओढणीनं तिचं नाक पुसलं, लहान पोरीचं पुसावं तसं.

"मनमाडवाल्यांचं काय झालं?" सवितानं विचारलं.

"दोनदा मागून घेतलं. झेबानं सगळ्यांसमोर सांगितलं, काकूंनी वेळेवर खरं सांगितलं म्हणून वाचलं. तुझी वाटी फ्रीजरमध्ये ठेवलीय. काल आली नाहीस, म्हणून मीही खाल्लं नाही."

"मला त्यातलं काय कळणार गं?"

"गार कळतं ना? तेवढं पुरे." हुस्नबानोनं तिच्या मांडीवरचं मेथीचं ताट उचललं, काखेत धरलं आणि दाराकडे निघाली. "चल, डाळ उतू जाईल. उरलेली तिकडे बसून निवड."

"चव बघायला?"

"बसायला," हुस्नबानो म्हणाली, आणि सवितानं बाहेरून घराला कडी घातली.