तारेतून गेलेलं पदक

लालासाहेबांचा संशय असा तिखट, की गवळ्यानं दुधात पाणी घालायचं नुसतं मनात आणलं तरी यांना इकडं चूळ भरताना कळायचं. शाळा समितीचे अध्यक्ष झाल्यापासून तर चिमण्यासुद्धा त्यांना विचारून शाळेच्या कौलांवर बसत.

रहिमतपूरजवळच्या त्या शाळेत माधवनगरच्या क्रांतीबाई शिकवायला आल्या, आणि संशयाला नवा चारा मिळाला. शनिवारी सकाळची शाळा सुटली की बाई रेल्वेनं माहेरी जात, अन् सोमवारी येताना पिशवीत कागदांची गुंडाळी. माहेराजवळच्या सांगलीत म्हणे इंटरनेटचं दुकान निघालं होतं. तिथं बसून बाई परदेशातल्या वस्तुसंग्रहालयांची चित्रं छापून आणत. कधी रांजण, कधी जातं, कधी हाडाची फणी. चित्र भिंतीला लावायचं आणि ही वस्तू बोलायला लागली तर काय सांगेल ते लिहा म्हणायचं. पोरं मान वर न करता लिहीत. तुमच्या घरात असं जुनं काय आहे, हेही बाई गोडीनं विचारत.

हे गोडीनं विचारणंच लालासाहेबांना खुपलं. धडे सोडून लोकांची अडगळ विचारते, आणि दर शनिवारी सांगली गाठते. त्यांनी वर्गाच्या खिडकीबाहेर उभं राहून पहारा सुरू केला.

एका सोमवारी भिंतीवर चांदीचं पदक झळकलं. एका बाजूला राजाचं तोंड, दुसऱ्या बाजूला घोडेस्वार. लालासाहेबांनी ते बघताक्षणी ओळखलं. त्यांचे वडील पहिल्या महायुद्धात बसऱ्याला लढले होते. राजानं असलं एकच पदक घडवलं, माझ्या छातीला लावलं आणि साचा समुद्रात फेकला, असं ते मरेपर्यंत सांगत. लालासाहेब बांधाच्या भांडणातसुद्धा ते पदक मधे आणत.

धावत घरी येऊन त्यांनी वर्षानुवर्षं बंद असलेली पेटी उपसली. वडिलांचा लष्करी कोट होता, पदक नव्हतं. मग सगळं जुळलं. तारेतून माणसाचा आवाज जातो, तर एवढंसं पदक जायला काय हरकत? पेटी तशीच उघडी टाकून ते वर्गात शिरले.

"बाई, माझ्या बापाचं पदक तारंतनं धाडलंसा न्हवं?"

बाई गोंधळल्या. लालासाहेबांनी सुनावलं, की पदक आत्ता दाखवा, नाहीतर दुपारच्या एसटीनं साताऱ्याला जातो आणि तुमची बदली करूनच परततो. बाईंचा चेहरा उतरला. हे चित्र दुसऱ्याच कुणाच्या पदकाचं आहे, त्या लढाईत असली पदकं लाखो शिपायांना मिळाली, असं त्यांनी हळू आवाजात सांगितलं.

लाखो हा शब्द लालासाहेबांना चोरीपेक्षा जास्त लागला. "मग आमचं कुटं गेलं?"

उघडी पेटी बघून मागोमाग आलेल्या रंगूबाई, म्हणजे त्यांची बायको, दारातून बोलल्या, "आवं, बाईला कशाला धरताय? तुमच्या आईनं आटवलं ते."

सासरे गेल्यावर देव्हाऱ्यात त्यांचा टाक बसवायचा होता, चांदीच्या पत्र्यावर उठवलेला. चांदी कमी पडली. ज्याची चांदी त्यालाच लागू दे म्हणून सासूनं पदक सोनाराच्या मुशीत टाकलं आणि सुनेला कुणाला न सांगण्याची शपथ घातली.

"रोज आंगूळ करून हात जोडताय, त्ये पदकच हाय की."

बाई हसल्या नाहीत. त्या पोरांना म्हणाल्या, "आधी पदक होतो, आता देव झालो. लिहा, तो टाक काय सांगेल."

लालासाहेब मागच्या बाकावर बसले.

"ल्हिवा. पर राजानं एकच घडिवलं हुतं, ही वळ पयली पायजे."

साताऱ्याची एसटी त्यांच्यावाचून गेली. बाईंची बदली टळली, संशय मात्र टळला नाही. हल्ली लालासाहेब देवापुढं एक डोळा उघडा ठेवूनच हात जोडतात. देव्हाऱ्यातला बाळकृष्ण फार पिवळाधमक दिसतो, आणि घरातलं थोरलं पितळी घंगाळ कैक वर्षं कुणी पाहिलेलं नाही.