सूचना क्रमांक सत्तावीस

लास व्हेगसला जायचं ठरल्यावर वेंडलने बहिणीला फोन नंतर केला, यादी आधी केली. नेब्रास्कातल्या एका धान्यकोठारावर चाळीस वर्षं वजनकाटा सांभाळलेला माणूस तो. कागदावर नसलेली गोष्ट त्याच्या लेखी घडतच नाही. 'प्रथमच जाणाऱ्यांसाठी एकतीस सूचना' असा मथळा देऊन, क्रमांक घालून, प्लास्टिकच्या पाकिटात घातलेली यादी त्याने शर्टाच्या खिशात ठेवली. त्या शहरात आपली सख्खी बहीण अठ्ठावीस वर्षं कॅसिनोत पत्ते वाटते आहे, तिलाच काय ते विचारावं, असं एकतीसपैकी एकाही सूचनेत नव्हतं. त्यामुळे त्याने विचारलं नाही.

आर्लिसला याचं नवल वाटलं नाही. लास व्हेगसमध्ये राहणाऱ्याला नातेवाइकांची कधी ददात नसते. अठ्ठावीस वर्षांत तिच्याकडे चौदा वेळा माणसं आली. म्हणजे शहरात आली. मोठ्या रस्त्यावरच्या हॉटेलात उतरली, तिला तिथेच बोलावून घेतलं, तिच्या खर्चाने जेवली, आणि निघताना दर वेळी एकच प्रश्न विचारून गेली: "पण तू राहतेस कुठे गं?" उत्तरासाठी कोणी थांबलं नाही. तिथून वीस मिनिटांवर, एकसारख्या मातकट रंगाच्या घरांच्या रांगेत तिचं दोन खोल्यांचं घर होतं. मागे जाळीखाली टोमॅटोच्या कुंड्या होत्या. स्वयंपाकघरात आईचं जेवणाचं टेबल होतं, आई गेल्यावर भाड्याच्या ट्रकमधून दोन डोंगररांगा ओलांडून तिने स्वतः आणलेलं. आईच्या अंत्यविधीला वेंडलने पाद्रीबाबांना सांगितलं होतं, "आर्लिस ना? ती कॅसिनोत असते." जणू ती तिथल्या खुर्च्यांपैकी एक. ते वाक्य तिला अजून टोचत होतं.

आता तिच्या रक्ताचा तेवढाच एक माणूस उरला होता. त्याने एकदा त्या टेबलाशी बसून जेवावं, आपल्याला घर आहे हे डोळ्यांनी पाहावं, एवढंच तिला हवं होतं. वेंडल आला त्या दिवशी काम सुटल्यावर ती त्याच्या हॉटेलात गेली.

वेंडल आणि त्याची बायको मर्ना कारंज्याशेजारच्या बाकावर घामाने निथळत बसली होती. जुलै महिना. बाहेर असलं ऊन की रस्त्यावरचे पुतळेसुद्धा सावलीला सरकावेत.

"चालत गेलो होतो, समोरच्या हॉटेलात," वेंडल म्हणाला.

"समोर दिसतं ते समोर नसतं इथे. पाऊण तास लागतो."

"ते यादीत आहे. नववी सूचना. पण मर्ना म्हणाली, दिसतंय तर खरं."

"माझ्यावर ढकलू नकोस," मर्ना म्हणाली. "फ्रिजमधली पाण्याची बाटली कोणी उचलली? उचलली की पैसे लागतात म्हणे! परत ठेवली तरी लागले."

"लेबल वाचायला उचलली होती," वेंडल म्हणाला. "वाचल्याशिवाय कळणार कसं, की उचलायची नाही?"

आर्लिसला हसू आवरेना. त्यातून त्या दुपारी वेंडलने आणखी एक सूचना अमलात आणली होती. खोली चांगली मिळावी म्हणून ओळखपत्राखाली वीस डॉलरची नोट सरकवायची, असं त्यात होतं. नोट स्वागतकक्षातल्या मुलीने ठेवून घेतली, खोली मिळाली कचरापेट्यांच्या बाजूची. रस्त्यात जो दिसेल त्याला तो बक्षिशी देत सुटला होता, सामान उचलणाऱ्याला, दार उघडणाऱ्याला, आणि एकदा तर ज्याने दार उघडलं नव्हतं त्यालाही.

"उद्या माझ्याकडे जेवायला या ना," ती सहज म्हटल्यासारखं म्हणाली. हे वाक्य तिने गाडीत चार वेळा म्हणून पाहिलं होतं.

वेंडलने पाकीट बाहेर काढलं. "उद्या दहाला सिंह. साडेअकराला काचेचा पूल. मग जेवणाचा बुफे, उपाशीपोटी जायचं. चारला मोठं कारंजं, पुढे उभं राहायचं." त्याने मान हलवली. "कुठे बसत नाहीये, आर्लिस. तीनच तर दिवस आहेत."

"मी घरी स्वयंपाक करते म्हटलं, वेंडल. सर्कस लावत नाहीये."

"अगं, पण घरी जेवायला कोणी लास व्हेगसला येतं का?"

प्लास्टिकमधून तिला सत्तावीस क्रमांकाची सूचना उलटी वाचता आली, कारण समोरच्याचे पत्ते उलटे वाचायची तिला सवय होती. 'मोठ्या रस्त्यापासून दूर, गावातले लोक जेवतात तिथे एकदा जरूर जेवा. स्वस्त आणि अस्सल.'

शेजारच्या लिगायाला तिने कुंपणावरून हे सांगितलं. लिगाया मूळची फिलिपीन्सची. बावीस वर्षं हॉटेलच्या खोल्या साफ केल्यामुळे माणसाविषयी तिचा काही भ्रम उरलेला नव्हता.

"मग त्याला पत्ता दे की," लिगाया म्हणाली. "सांग, एक जागा आहे, पाटी नाही, जेवणाचं एकाच प्रकारचं ताट मिळतं, आठच माणसं मावतात. बघ कसा धावत येतो. या लोकांना पाटी नसलेली जागा म्हणजे देवदर्शन."

"खोटं बोलू भावाशी?"

"यात खोटं काय? तू गावातली, मी गावातली. मी तुझ्याकडे जेवते की नाही?"

वेंडल धावत आला. दुसऱ्या दिवशी एक वाजता टॅक्सीतून उतरून तो रस्त्याच्या दोन्ही टोकांकडे बघत राहिला. मर्नाने खानावळ शोधायला शेजाऱ्याच्या गॅरेजात डोकावूनही पाहिलं. तेवढ्यात आर्लिस एप्रन बांधून दारात आली.

"हे तुझं घर आहे," वेंडल म्हणाला, चोरी पकडल्यासारखा.

"गावातले लोक इथेच जेवतात. ही लिगाया, नेहमीचं गिऱ्हाईक."

"बटाटे झकास असतात," लिगाया गंभीरपणे म्हणाली. "पण जागा मिळायला अठ्ठावीस वर्षं लागतात."

वेंडलने यादी पाहिली, बहिणीकडे पाहिलं आणि तो आत आला. आईच्या पद्धतीने मंद आचेवर शिजवलेलं मांस, कुस्करलेले लोण्यातले बटाटे, परतलेली फरसबी. बसताना त्याचा हात टेबलाच्या कडेवरच्या काळ्या डागाकडे आपोआप गेला. नऊ वर्षांचा असताना गरम तवा त्यानेच तिथे टेकवला होता. अंगठा बराच वेळ त्या डागावरून फिरत होता. आर्लिसच्या जिवाला इतकं बरं वाटलं की तिने त्याला तिसऱ्यांदा बटाटे वाढले.

साडेतीनला त्याने घड्याळ पाहिलं, टॅक्सी बोलावली, सत्ताविसाव्या सूचनेवर पेनाने खूण केली, बहिणीला मिठी मारली आणि दोघं कारंजं बघायला गेली.

आर्लिस ताटं उचलू लागली. वेंडलच्या ताटाखाली वीस डॉलरची नोट होती, नीट घडी घातलेली.

बक्षिशी. तिने आयुष्यभर दुसऱ्यांची बक्षिशी घेऊन पोट भरलं होतं, तिला त्याची लाज कधीच वाटली नव्हती. आज वाटली. तिने नोट उचलली, आणि उचलल्याबरोबर हातांनी कॅसिनोतल्या सवयीने आपलं काम केलं: टाळी वाजवून दोन्ही तळवे छताकडे, आपण काही लपवलं नाही हे कॅमेऱ्याला दाखवायला. स्वयंपाकघरात कॅमेरा नव्हता. लिगाया मात्र होती, आणि तिने तोंड फिरवलं.

पाचच मिनिटांत दार वाजलं. वेंडल यादी विसरला होता, आणि यादीशिवाय तो या शहरात चार पावलं टाकणं शक्य नव्हतं. बाहेर टॅक्सीचा हॉर्न वाजत होता. आर्लिसने यादी पुढे केली, वर नोट.

"ती तुझी आहे," तो म्हणाला. "वाढणाऱ्याला द्यायची असते. अठरावी सूच–"

"वेंडल. या टेबलावर आई वाढायची, तेव्हा ताटाखाली काय ठेवायचास तू?"

हळूहळू त्याची मान, मग गाल, मग कान लाल झाले.

"फरसबी," तो म्हणाला.

"आणि ती कोण काढून खायचं, आईने बघायच्या आत?"

"तू."

हॉर्न पुन्हा वाजला. आणखी काही बोलावं असं त्याला वाटत असावं, पण तसलं काही यादीत लिहिलेलं नव्हतं. त्याने नोट खिशात घातली, यादी घेतली आणि तो गेला. आर्लिसने भांडी घासली. माझंच चुकलं, ती लिगायाला म्हणाली. आला होता, जेवला होता, एवढ्यावर गप्प बसले असते तर काय बिघडलं असतं? लिगाया म्हणाली, "तू गप्प बसतेस कधी?"

तिसऱ्या दिवशी त्यांचं विमान संध्याकाळी सहाचं होतं. एकतिसावी सूचना म्हणत होती, शेवटच्या दिवशी विमानतळावर चार तास आधी पोहोचा. आर्लिसची सुट्टी होती. भर दुपारी ती टोमॅटोला पाणी घालत असताना दारात टॅक्सी थांबली. वेंडल एकटाच उतरला. खिशात प्लास्टिकचं पाकीट नव्हतं.

"मर्ना सामान घेऊन पुढे गेली," तो म्हणाला. "कालचं काही उरलंय का?"

"शिळं आहे."

"चालेल."

तो टेबलाशी बसला. त्याने सगळं संपवलं. जेवताना तिला विचारलं, कुंड्यांना सावली कुठून येते, भाडं भरतेस की घर तुझं आहे, उन्हाळ्यात वीजबिल किती येतं. अठ्ठावीस वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं. तिने प्रत्येक प्रश्नाचं लांबलचक उत्तर दिलं. मग तो उठला, आणि जाताना दारातून म्हणाला, "पाद्रीबाबांना सांगतो, तुझं घर चांगलं आहे म्हणून."

टॅक्सी वळेपर्यंत ती दारात उभी राहिली. मग आत येऊन तिने त्याचं ताट उचललं.

खाली फरसबीच्या पाच शेंगा होत्या. तिने इकडेतिकडे पाहिलं आणि पटकन खाऊन टाकल्या.