पेरलेली हाक

संस्थेत सगळे तिला भाची म्हणत, आणि त्यात दोष तिचाच होता. नोकरीच्या पहिल्याच दिवशी भरल्या खोलीत तिने विभागप्रमुखांना विचारलं, "मामा, मी कुठे बसू?" तेव्हापासून प्रमुख साऱ्या संस्थेचे मामा झाले आणि ही साऱ्या संस्थेची भाची. मामा सख्खेच होते. आई गेल्यावर त्यांनी आणि मामीने तिला वाढवलं, शिकवलं, आणि शिकवता शिकवता मामांनी आपलं खूळही तिच्या गळ्यात बांधलं.

खूळ म्हणजे ऐकण्याचं. वर आकाशात कुणी आहे का, असल्यास काही बोलतंय का, हे मोठ्या अँटेनाच्या कानाने ऐकत बसायचं. उभा जन्म ऐकायचं आणि काही ऐकू आलं नाही, हे रोज नीट नोंदवून ठेवायचं. मामीचं म्हणणं असं, की लग्न झाल्यापासून हा माणूस कान टवकारूनच बसलाय, फक्त तिचं सोडून.

ऐकण्याची खोली काही बघण्यासारखी नव्हती. लांबट, बिनखिडक्यांची, पडद्यांच्या रांगा, मोडक्या हाताला चिकटपट्टी लावलेली मामांची खुर्ची. चहाची किटली सुरू केली की पडद्यांवर रेघ उमटायची, म्हणून ती बिचारी बाहेर व्हरांड्यात हद्दपार. अशा खोलीत वर्षानुवर्षं काहीच घडलं नाही की माणसं उघड्या डोळ्यांनी पेंगू लागतात. त्यावर तिथे एक उपाय होता. अधूनमधून कुणीतरी गुपचूप नोंदींमध्ये एक खोटी हाक पेरून ठेवायची. गटाला ती सापडते का, सापडली तर ते नीट तपासतात की हुरळून नाचायला लागतात, हे त्यातून कळायचं. कुणी पेरली हे फक्त संचालकबाईंना ठाऊक. गटाने जेव्हा एकमुखाने म्हणायचं, "आम्ही आता बाहेर सांगायला तयार आहोत," तेव्हाच बाई उठून खरंखोटं सांगणार. तोवर पेरणाऱ्याने तोंडातून ब्र काढायचा नाही.

त्या वर्षी पेरण्याचं काम भाचीकडे आलं. "तुझ्यावर कुणाचा संशय जायचा नाही," बाई हसत म्हणाल्या. "सख्ख्या मामाला कोण गंडवेल? एखादा साधा तारा बघ, साधा आठवडा बघ आणि टाक." भाचीला ते मोठं कौतुक वाटलं.

नेमका तेव्हाच पाहुणा आला. आपल्या सूर्याच्या कुटुंबातला नसलेला, दुसऱ्या कुठल्यातरी ताऱ्याकडून भटकत आलेला एक लांबुडका दगड. दगड म्हणायचं ते सवयीने. काय आहे ते कुणालाच धड माहीत नव्हतं. तो गिरक्या घेत सूर्याला वळसा घालून निघाला होता आणि काही दिवसांत सूर्याआड जाणार होता. पुन्हा तो दिसणार नव्हता. मामांनी बाकी सगळी कामं बाजूला सारून अँटेना त्याच्यावर रोखली. आणि भाचीने, साध्या ताऱ्याचा आणि साध्या आठवड्याचा सल्ला धाब्यावर बसवून, आपली हाक पाहुण्याच्याच नोंदींत पेरली.

का पेरली, हे तिला विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं, की परीक्षा घ्यायची तर कडक घ्यावी. ते अर्धंच खरं होतं. उरलेलं अर्धं असं, की तिला शाबासकी हवी होती. मामांचा एक लाडका तर्क होता. जेवायला बसले की हातातला चमचा फिरवत ते सांगायचे: असा पाहुणा कुणी बनवून पाठवलेला असेल, तर त्याचं बोलायचं यंत्र त्याच्या अंगालाच असणार, तो गिरक्या घेईल तसा त्याचा आवाज चढेल, उतरेल. गटातल्या कुणी हा तर्क कधी मनावर घेतला नव्हता. भाचीने घेतला. तिच्या हाकेचा चढउतार तिने पाहुण्याच्या गिरकीशी तंतोतंत जुळवला. दुसऱ्या कुणी केली असती तर ती नुसती खोटी हाक झाली असती. हिने ती मामांच्या मापाची शिवली होती.

मामांना ती सापडली तेव्हा ते ओरडले नाहीत. उठले, व्हरांड्यात जाऊन किटलीची वायर काढून आले, पुन्हा बसले, पुन्हा पाहिलं. मग गटातल्या सगळ्यांना जवळ बोलावून हळूच म्हणाले, "चढतोय आणि उतरतोय. बघा, गिरकीबरोबर." त्यांचा आवाज ओला झाला होता.

"मामा, कुणी पेरलेली नाही ना?" एकाने विचारलं. असं विचारायची पद्धतच होती.

"पाहुण्यावर?" मामा म्हणाले. "त्याचे दिवस मोजके आहेत. त्यातले खोट्यापायी वाया घालवील इतकं निर्दय आपल्यात कोण आहे?"

भाचीने मान खाली घातली. बाईंनी तिला नंतर एका कोपऱ्यात घेऊन झापलं. "सांगितलं काय होतं आणि केलंस काय?" मग त्याच म्हणाल्या, की आता पेरलंच आहेस तर निस्तरू, दोनेक दिवसांत तेच पकडतील. इथवर सगळं ओशाळवाणं होतं, पण निस्तरण्यासारखं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मामांनी तिला बाजूला बोलावलं. डाव्या डोळ्यासमोर सकाळपासून काळे ठिपके नाचत होते आणि आता कडेने सावलीसारखं काहीतरी सरकत होतं. "मामीला बोलू नकोस, उगाच घर डोक्यावर घेईल. डोळ्यांच्या डॉक्टरकडे सोड जरा." भाचीने गाडी काढली. डॉक्टरीणबाईंनी थेंब घालून बराच वेळ आत पाहिलं आणि सरळ सांगितलं. डोळ्यातला पडदा सुटायला लागलाय. मधला भाग अजून शाबूत आहे. उद्या सकाळी शस्त्रक्रिया केली तर दृष्टी वाचेल. मधला भाग सुटला, की मग पडदा चिकटवता येईल, नजर परत आणता येणार नाही.

परतीच्या वाटेवर मामा म्हणाले, "पाहुणा सूर्याआड गेला की मी आपणहून जाऊन त्यांच्या टेबलावर आडवा होतो. थोड्या दिवसांचा तर प्रश्न आहे."

"मामा, त्या उद्या म्हणाल्या."

"डॉक्टर रोज कुणाला तरी उद्या म्हणत असतात." ते खिडकीबाहेर बघत होते, निरोगी डोळ्याने. "अगं, एक डोळा गेला तर दुसरा आहे. हा पाहुणा गेला तर दुसरा येणार आहे का?"

गाडी लाल दिव्याला उभी होती. "मामा, ती हाक माझी आहे." एवढंच म्हणायचं होतं. वाक्य तयार होतं, जिभेवर होतं. दिवा हिरवा झाला, मागच्याने भोंगा वाजवला आणि तिने गाडी पुढे घेतली. नियम आहे, असं तिने स्वतःला सांगितलं. उद्यापर्यंत ते पकडतीलच, असंही सांगितलं. आणि ज्या माणसाला जन्मात इतकं खूश पाहिलं नव्हतं, त्याच्या तोंडचा घास आपल्या हाताने कसा काढायचा, हेही. तिन्ही कारणं चांगली होती. तिन्हींच्या तळाशी एक चौथं होतं, की सगळं रीतसर उलगडेल तेव्हा मामांनी म्हणावं, वा, ही तुझी होती होय. ते कारण तिने स्वतःलाही सांगितलं नाही.

संध्याकाळी ती संचालकबाईंच्या दाराशी जाऊन उभी राहिली. डोळ्याचं सांगायचं आणि परीक्षा थांबवा म्हणायचं, असं ठरवूनच ती आली होती. बाई फोनवर होत्या. त्यांनी हाताने खूण केली, थांब जरा. भाची थोडी थांबली आणि मग परत फिरली. जिना उतरताना तिला हायसं वाटलं. पुढे तिला सगळ्यात जास्त खाल्लं ते या हायसं वाटण्याने.

त्यानंतरचे दोन दिवस मामांनी आकाशपाताळ एक केलं. अँटेना पाहुण्यावरून हटवली की हाक जाते का, ते पाहिलं. जात होती; भाचीने ती तशीच बनवली होती. यंत्रं उघडली, वायरी बदलल्या, जुन्या नोंदी उपसल्या. वाचताना ते मान तिरपी करत, मग आणखी तिरपी. एकदा तर त्यांनी पेला टेबलाच्या कडेबाहेर ठेवला आणि तो फुटला, तेव्हा सगळे हसले, ते स्वतःही. भाचीने काचा गोळा केल्या. दोन्ही दिवस ती त्यांच्याबरोबरच घरी गेली, मामीच्या हातचं गरम गरम जेवली आणि "काय गं, आज गप्प?" यावर म्हणाली, "दमले."

शेवटी मामांनी गट बोलावला, सगळ्यांकडे एकदा मान फिरवून पाहिलं आणि म्हणाले, "आम्ही सांगायला तयार आहोत."

बाई उठल्या. त्यांनी ते पटकन सांगितलं, दुखणारा दात उपटावा तसं. पहिली टाळी मामांनीच वाजवली. हसलेसुद्धा. "पाणी पाजलं आपल्याला," ते म्हणाले. खुर्चीवरून उठताना मात्र त्यांनी भाचीचा खांदा शोधला. हात आधी हवेत गेला, मग खांद्यावर आला.

"आता चल," ते म्हणाले, "दवाखान्यात."

गाडीत ते म्हणाले, "चढउतार गिरकीशी जुळवायचा. हे माझ्या पंगतीला बसलेल्यालाच सुचणार." भाचीच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या, तिला रस्ता दिसेना. "छान केलीस हो," मामा म्हणाले. "खरंच. एकही टाका उसवेना मला." हवी होती ती शाबासकी मिळाली आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शस्त्रक्रिया झाली, पडदा बसला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, यायला उशीर केलात. उजेड आणि अंधार तेवढा कळेल.

घरी आणल्यावर मामांनी मामीला आपल्या पद्धतीने गोष्ट सांगितली होती. त्या गोष्टीत भाचीने त्यांना डॉक्टरकडे नेलं होतं, भाचीने दवाखान्यात नेलं होतं, भाची नसती तर काही खरं नव्हतं. रविवारी भाची गेली तेव्हा मामीने दारातच तिचे दोन्ही हात धरले. "तू होतीस म्हणून निदान गेले तरी. माझं कधी ऐकलंय यांनी?" भाचीला ते हात सोडवून घेता येईनात.

मामा डोळ्यावर प्लास्टिकची वाटी चिकटवून आरामखुर्चीत बसले होते. मामी पलंगावर धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. मामांनी पेरलेल्या हाकेचा किस्सा पुन्हा काढला. आता तो किस्साच झाला होता. मामी ऐकत होती.

"म्हणजे ते सगळं मुद्दामच होतं," ती म्हणाली. "कुणी केलं?"

"ते सांगत नसतात. नियम आहे."

"ज्याने केलं त्याला यांच्या डोळ्याचं ठाऊक होतं का?" हे तिने भाचीला विचारलं.

"छे," मामा घाईने म्हणाले. "त्याला कसं ठाऊक असणार? मी सांगितलं होतं कुणाला?"

मामीच्या हातातला टॉवेल अर्धा दुमडलेला राहिला. "हिला सांगितलं होतं," ती म्हणाली. मामा काही बोलले नाहीत, आणि त्यांच्या न बोलण्याने उरलंसुरलं काम केलं.

"मीच केलं, मामी," भाची म्हणाली. "मला माहीत होतं. डॉक्टर काय म्हणाल्या ते माझ्यासमोरच म्हणाल्या. मी सांगायला हवं होतं आणि मी नाही सांगितलं."

"अगं, त्यांच्या कामात असं—" मामांनी सुरुवात केली.

"तुम्ही गप्प बसा." मामीने टॉवेलची घडी पुरी केली, नीट दाबली, चळतीवर ठेवली. "तेव्हा इथे जेवत होतीस."

"हो."

"दमले म्हणालीस."

"हो."

"सांगितलं असतंस तर हे गेले असते?"

"लगेच गेले असते."

मामीने मान हलवली. ती रडली नाही, ओरडली नाही. भाचीला वाटलं, ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने फळीवरून थेंबांची बाटली काढली, झाकण फिरवून उघडलं. तिने बाटली भाचीसमोर धरली.

"तू घाल," ती म्हणाली. "रोज येऊन घालायचे. माझ्याशी बोलायचं नाही. यायचं, थेंब घालायचे आणि जायचं."

आणि ती कपड्यांची चळत उचलून आत गेली.

भाचीने हात धुतले. मामांच्या डोळ्यावरची वाटी अलगद सोडवली. त्यांनी चांगला डोळा मिटून मान मागे टाकली होती, खिडकीचा उजेड त्यांच्या तोंडावर पडला होता. तिने बोटाने त्यांची पापणी वर केली आणि ती वाकली.

"आलीस वाटतं समोर," मामा म्हणाले.

"कसं कळलं?"

"अंधार झाला."

भाचीने थेंब घातला.