मंगळवारी पाहिलेली गल्ली

शहराच्या नव्या आराखड्यात आमची गल्ली पिवळी दाखवली होती. पिवळी म्हणजे फक्त राहण्यासाठी. आराखडा मंजूर झाला की खालच्या कारखान्यांचे परवाने पुढे चालू राहणार नव्हते, आणि त्यांच्या जागी नुसत्या राहत्या इमारती उठणार होत्या. आईचं लेथ मशीन आमच्या घराच्या बरोब्बर खाली आहे. ती पंपांचे बुश, म्हणजे आतल्या फिरत्या दांड्याभोवती बसणाऱ्या धातूच्या कड्या बनवते, आणि त्या कामात तिचा हात धरणारं गल्लीत कुणी नाही. शहराबाहेरच्या औद्योगिक वसाहतीत जागा मिळाली असती, पण जाऊन-येऊन तीन तास. घरात आम्ही दोघीच. म्हणजे एकतर तिचं काम सुटणार, नाहीतर मी दिवसभर एकटी.

"रंगच तर आहे," आई म्हणाली आणि आधीच लख्ख असलेलं मशीन पुन्हा पुसायला लागली. तेव्हा मला कळलं, ती घाबरलीय.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी नगररचना कार्यालयात गेले. एकटी! वर्षापूर्वी वर्गात हजेरी देतानाही माझा आवाज बाकाखाली जाऊन बसायचा, ती मी. भिंतीवर नकाशा होता आणि टेबलावर पाहणीची जाडजूड वही, कुणीही बघावी अशी. आमच्या गल्लीपुढे एकेचाळीस वेळा एकच शेरा होता : 'शटर बंद, वापर नाही.' शेजारी तारीख. मी मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये मागे मागे जात वार शोधला आणि तिथेच फिस्सकन हसले. मंगळवार! मंगळवारी आमच्या भागातल्या कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी असते. त्या दिवशी गल्लीत कुत्रंसुद्धा आळसावून भुंकतं. झोपलेल्या माणसाला बघून मेला म्हणून लिहून टाकायचं, असला प्रकार!

मग मी स्वतःच पाहणी केली. चार दिवस, शाळेनंतर, हातात पॅड घेऊन. गल्लीने लगेच माझं नाव 'सरकारी बाई' ठेवलं. "या सरकारी बाई, आमची माशीपण मोजा, ती इथेच कामाला असते!" मी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि सगळं लिहिलं. एकेचाळीस शटर, त्यातले अडतीस चालू. कामाला एकशे सतरा माणसं, आणि त्यातली साठच्या वर पायी येणारी.

घोडं अडलं ते चौदा नंबरच्या शटरला. तिथे मुलामावाले काका नळांवर चकचकीत मुलामा चढवतात. त्यांचं आम्लाचं पाणी मागच्या बाजूने थेट गटारात जातं. मी तेही लिहिलं. काका तणतणत आईच्या दारात.

"पोरीला आवरा! माझ्या एका ओळीमुळे अख्खी गल्ली बुडेल. एवढी एक ओळ खोडली तर काय बिघडतं?"

खरं सांगते, माझा हात खोडरबराकडे वळला होता. अख्खी गल्ली एका बाजूला आणि मी एका बाजूला.

आईने मशीन बंद केलं. "काका, तुमचे नळ माझ्याकडे मापायला येतात, तेव्हा माप चुकलं तर मी चुकलेलंच लिहिते ना? की तुम्हाला बरं वाटावं म्हणून बरोबर लिहू?"

"तुम्ही मायलेकी म्हणजे एकाच साच्यातल्या," काका पुटपुटले आणि निघून गेले. ओळ राहिली.

आराखड्यावरच्या हरकतींच्या सुनावणीला प्रत्येकाला तीन मिनिटं होती. मी दोन मिनिटांत मंगळवार सांगितला. हॉलमध्ये हशा पिकला, पण अधिकारी मॅडम हसल्या नाहीत.

"बाळा, इथे आलेला प्रत्येक जण म्हणतो, आमच्या गल्लीचा कुणाला काही त्रास नाही. तुझ्या यादीवर मी का विश्वास ठेवू?"

"तिसरं पान बघा मॅडम. चौदा नंबर."

त्यांनी वाचलं. चष्मा काढला, परत लावला, परत वाचलं. "हे तू आमच्याकडे स्वतःहून आणलंस?"

"असं आहे, म्हणून आणलं."

"ही कुणाची मुलगी?"

मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. चारचौघांत तोंडातून शब्द न फुटणारी माझी आई उभी राहिली होती. "माझी!" ती इतक्या मोठ्याने म्हणाली की माइकवाला दचकला.

बुधवारी मॅडम स्वतः आल्या. लेथ फिरत होते, वेल्डिंगच्या ठिणग्या उडत होत्या, हातगाड्यांमुळे चालायला जागा नव्हती. त्या माझी यादी हातात घेऊन शटर मोजत गेल्या. चौदा नंबरला मी मागे राहिले. काकाच पुढे आले, मागचं दार उघडून उभे राहिले. "पोरीने लिहिलंय ते खरं आहे मॅडम. मला पाणी साफ करायची सोय असलेली जागा द्या, मी जातो. पण या बाकीच्यांना हलवू नका."

अंतिम आराखड्यात गल्ली मिश्र वापराची झाली. तळमजल्यावर कारखाने राहणार आणि वर पाच मजल्यांपर्यंत घरं बांधता येणार. काकांना औद्योगिक वसाहतीत जागा मिळाली. ते अजून मला सरकारी बाईच म्हणतात, पण आता आधी नमस्कार करतात.

मी आईला बातमी वाचून दाखवली. मला वाटलं, रडेल. ती छताकडे बघत राहिली.

"पाच मजले म्हणजे वर वीस-एक बिऱ्हाडं. लेथचा पाया इमारतीपासून वेगळा घ्यायला हवा, नाहीतर हादऱ्यांनी लोकांच्या ताटल्या नाचतील. वही आण. मी माप सांगते, तू लिही. तुझं लिहिलेलं आता चालतं या शहरात."