पिवळाधमक

कविता दुरुस्त करून ऑर्व्हिल स्टेनरुडच्या पदरात पडणार होती फक्त थोडी मनःशांती. न करण्यातले फायदे मात्र घसघशीत होते: हिवाळी जत्रेत मानाची खुर्ची, चर्चच्या जेवणात पहिलं ताट आणि गावाच्या पाण्याच्या टाकीवर स्वतःची ओळ, 'बर्फातही पिवळाधमक आमचा गोल्डफिंच.'

ओळ चुकीची होती. जानेवारीतल्या जत्रेसाठी त्याने ती जुलैतच उरकली होती. धान्यकोठाराच्या कचेरीसमोर तेव्हा काटेरी झुडपांवर गोल्डफिंच, म्हणजे चिमणीएवढे पिवळे पक्षी, झुलत होते. थंडीआधी ते पिसं बदलतात आणि हिवाळाभर मातकट दिसतात, हे मिनेसोटात जन्मलेल्या या कवीला त्याच डिसेंबरात उमगलं. तोवर टाकी रंगवून झाली होती. मग शाळेच्या हॉकी संघाने गोल्डफिंच हे नाव घेतलं, पिवळे स्वेटर विणून घेतले. दर जत्रेत तीच कविता म्हणत ऑर्व्हिल म्हातारा झाला.

"यंदा मी 'मातकट' म्हणणार," जत्रेच्या सकाळी तो समितीच्या अध्यक्षीणबाई व्हर्नाला म्हणाला.

"मग पोरांचे स्वेटर काय चिखलात बुडवू?"

"अगं, पक्षी खरंच तसा असतो."

"ठाऊक आहे की. माझ्या दारात रोज दाणे खायला येतो. सगळ्या मोठ्यांना ठाऊक आहे, कविराज."

"सगळ्यांना?"

"तुला वाईट वाटेल म्हणून कोणी बोललं नाही. आता तूही आमचा विचार कर."

जत्रेतल्या कवितावाचनाला गावाचं वाचनालय भरलं होतं. त्या शब्दाशी येऊन ऑर्व्हिल थांबला, श्वास घेतला. समोरच्या पिवळ्या स्वेटरांना वाटलं, आजोबा विसरले. त्यांनी एका सुरात 'पिवळाधमक' म्हणून टाकलं. टाळ्या पडल्या.

नंतर छोटी इंग्रिड त्याच्याजवळ आली. खिडकीबाहेर टांगलेल्या दाण्यांच्या नळीला एक मातकट पक्षी लटकला होता.

"आजोबा, ती चिमणी आहे ना?"

सूप वाढता वाढता व्हर्नाने पळी धरून ठेवली.

"चिमणीच," ऑर्व्हिल म्हणाला.

पळी पुन्हा चालू लागली. पोरांची कविता शाबूत राहिली, व्हर्नाची जत्रा पार पडली, ऑर्व्हिलला कोणी खोटं पाडलं नाही. किंमत मोजली ती उणे वीस अंशांत दाणे टिपणाऱ्या त्या पक्ष्याने. तो गाव सोडून कुठे गेला नव्हता, पण त्याचं नाव तेवढं गेलं.